अनयची खरी जन्मतारीख

मुलुंड पूर्व
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. पाठ धरली आहे म्हणून मनातल्या मनात घातला आहे, तो पोचला असं समज. पाकिटावर 'सौ. सुनंदा करंदीकर' असं तुझं सासरचं नाव टाकलंय, कारण बोरिवलीचा पोस्टमन माणिक रेगेला ओळखत नाही.

पंधरा ऑगस्टला गार्गीने आपल्या दोघांना फॅमिली ग्रुपवरून काढून टाकलं. तुझीच सून, म्हणून जास्त बोलत नाही. कारण दिलं, 'सणाच्या दिवशी भांडण'. देशप्रेमावर चर्चा स्वातंत्र्यदिनी नाही करायची तर काय अक्षय्य तृतीयेला करायची? फोनचीही सोय उरली नाही. मागच्या वेळी तुझ्याशी बोलून ठेवला तर माझं प्रेशर एकशे नव्वद निघालं आणि कुंदाने डॉक्टरांच्या देखत फोनबंदी जाहीर केली. तेव्हा आता स्पीड पोस्ट. मुलुंड ते बोरिवली माणसालाच जड जातं, पत्राचं काय होतं बघू.

मुद्द्यावर येतो. तू ग्रुपवर लिहिलंस की ज्याला जिथे चार घास सुखाने मिळतात तिथे त्याने जावं, झेंडा काय, मनातही फडकतो. हे सत्तेचाळीस लोकांनी वाचलं. त्यातल्या सहा जणांनी अंगठा दिला. नावं माझ्याकडे आहेत. ताई, मी मुलुंड चेकनाक्यावर तीस वर्षं जकात घेतली आहे. वर कांदे आणि खाली पंखे, असे ट्रक मी वासावरून ओळखायचो. आत काय येतं, कोण येतं, कशाला येतं, हे विचारायचा हक्क घरमालकाला असतो. मी रिटायर झालो आणि तीन वर्षांत जकातच बंद झाली. पुढे मुंबईची काय वाट लागली ते तू बघतेच आहेस.

सगळ्या देशांचा मी तक्ता केला आहे. कॅनडा शंभरपैकी सदुसष्ट गुण मागतो. अमेरिकेत आपल्या लोकांची रांग एवढी की नंबर लागेपर्यंत नातवंडं होतात. आखातात चाळीस वर्षं राबा, शेवटी हातात विमानाचं तिकीट. जर्मनी तेहतीस प्रश्नांची परीक्षा घेते आणि सतरा बरोबर आले की पास करते. म्हणजे एक्कावन्न टक्के. आमच्या वेळी एक्कावन्न टक्क्यांना कॉलेजात कुणी उभं करत नव्हतं, हे अख्खा देश देतात.

सेक्रेटरी या नात्याने आमच्या सोसायटीत भाडेकरूंना मी कॅनडाची पद्धत लावली आहे. शिक्षण, नोकरी, माणसं किती, गाड्या किती. ती आधी स्वतःला लावून बघितली. त्रेसष्ट आले. वयाचे गुण कापले जातात. मी मालक आहे म्हणून निभावलं.

अनय डिसेंबरात येतो आहे. स्टुटगार्टला जाऊन नऊ वर्षं झाली त्याला. या वेळी मी स्पष्ट विचारलं, "आता कायमचाच येतोस ना रे?" तर म्हणाला, "बघू, बाबा." ताई, 'नाही' म्हणाला नाही. त्याची खोली रंगवायला घेतली आहे. हेच माझं देशप्रेमावरचं शेवटचं उत्तर समज. पोरगा शिकला, कमावता झाला, आणि घरी आला.

तुझा,
श्याम

---

बोरिवली पश्चिम
२६ ऑगस्ट २०२५

श्याम्या,

अनेक आशीर्वाद. पत्र सहाव्या दिवशी मिळालं. उद्या गणपती बसायचेत, हातात उकडीचं पीठ आहे, तरी लिहायला बसले, कारण तुझा तक्ता वाचून माझंही प्रेशर जरा वर गेलं.

तू नाक्यावर बसायच्या आधीच आपले आजोबा आत आले होते, म्हणून बरं. राजापूरहून बोटीने आले तेव्हा धक्क्यावर त्यांना कुणी सदुसष्ट गुण मागितले नाहीत. चाळीससुद्धा पडले नसते. चौथी पास, दम्याचं दुखणं, आणि मुंबईत ओळखीचा एकच माणूस, तोही नेमका गावाला गेलेला. तेव्हा तुझी सोसायटी असती तर आजोबा त्याच बोटीने परत गेले असते, आणि तू आज राजापुरात बसून मुंबईवाल्यांना नावं ठेवत असतास.

देशप्रेम, देशप्रेम करतोस. अरे, जो लांब जातो त्यालाच ते जास्त छळतं. अनय तिकडे थंडीत कुडकुडत चतुर्थीला मोदक करतो. मागच्या वर्षी त्याचे सगळे फुटले, तेव्हा मला व्हिडिओवर पीठ दाखवत बसला होता. तू इथे बसून मोदक करतोस का? आयते खातोस. मग देशप्रेमी कोण, मला सांग. तुझं म्हणणं आहे की दारावर प्रश्न विचारावेत. विचार ना, कोण नाही म्हणतंय? पण उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचार. तू 'बघू' ऐकतोस आणि खोली रंगवतोस.

आणखी एक. येत्या महिन्याभरात कदाचित एक माणूस तुझ्याकडे येईल. अनयबद्दल विचारेल. कोण, कशासाठी, हे मला विचारू नकोस, मी शब्द दिला आहे. वेळ आली की अनयच सांगेल. त्याला बसव, चहा दे, विचारेल तेवढंच सांग आणि खरं तेवढंच सांग. नाक्यावरची उलटतपासणी नको.

कुंदाला आशीर्वाद. मोदक पाठवले असते, पण पोस्टात सहा दिवस टिकायचे नाहीत.

तुझी,
ताई

---

मुलुंड पूर्व
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,

तू तर छुपी रुस्तम निघालीस! 'एक माणूस येईल' म्हणे. 'शब्द दिला आहे' म्हणे. अगं, तीस वर्षं मी ताडपत्रीवरून माल ओळखलाय, मला हे ओळखता येणार नाही? अनयसाठी स्थळ आणलंस आणि तेही मुलीकडच्यांचं नाव न सांगता. पत्रातला तुझा आजोबांवरचा टोमणा मी या एका गोष्टीसाठी माफ केला आहे.

माणूस परवा येऊन गेला. शौनक नावाचा वकील. तिशीचा, कडक इस्त्री, हातात फाइल. म्हटलं, "बसा, कळलंय मला तुम्ही कशासाठी आलात." तो म्हणाला, "तुम्हाला कल्पना दिली आहे का?" म्हटलं, "बहिणीने दिली आहे." तो म्हणाला, "मग सोपंच झालं." मुलीकडच्यांबद्दल मात्र एक अक्षर काढलं नाही त्याने. वकील असाच हवा.

कुंदा भजनाला गेली होती ते एक बरं झालं. ती असली की खरं बोलून टाकते.

त्याने मुलाचं पूर्ण नाव विचारलं, आमचं लग्न कधी झालं ते विचारलं, शाळा विचारली. मग जन्मतारीख. ताई, आता सदतीस सांगितलं की समोरचा फाइल मिटून चपला शोधायला लागतो. वधूवर मंडळात नाव घातलं तेव्हाच मी अनयची जन्मतारीख ९ मार्च १९८८ ची ९ मार्च १९९१ केली आहे. चौतीस. यात फसवणूक नाही, सगळेच करतात, मुलीकडचे ते धरूनच चालतात. जन्मठिकाण मुलुंड सांगितलं. कुंदाचं माहेर ठाण्याचं, म्हणून पोरगा नाक्याच्या पलीकडे जन्मला, त्यात त्याचा काय दोष? मुंबईत जन्मलेला म्हटलं की वजन पडतं.

पत्रिका त्याने मागितली नाही. आधुनिक लोक दिसतात. मीच दिली. आमच्या गुरुजींनी नव्या तारखेवर कॉम्प्युटरवर काढलेली, त्यात मंगळही आपोआप गेला. तो बराच वेळ उलटसुलट करून बघत होता. म्हणाला, "हे फाइलला लावू?" म्हटलं, "लावा की, त्यासाठीच दिलीये."

नंतर शेजारच्या चंपाबेनकडे गेला. हे लोक शेजारीपाजारी विचारणारच, म्हणून मी तिला आठवड्यापूर्वीच पढवून ठेवलं होतं. तिने सांगितलं, "इक्यानवे में हुआ, हमने खुद पेंडा खाया." बाईने एका दमात सांगितलं, अडखळली नाही. चंपाबेनला मी सोसायटीत नव्वद गुण दिले असते.

दारात निघताना मी आपणहून सांगितलं, मुलगा डिसेंबरात कायमचा परत येतोय, तिकडचं नागरिकत्व तो मरेपर्यंत घेणार नाही, आमचं संस्काराचं घर आहे. तो लिहिता लिहिता थांबला. म्हणाला, "हेही लिहू?" म्हटलं, "ठळक लिहा."

संध्याकाळी कुंदाला सगळं सांगितलं. तिने डोक्याला हात लावला आणि आत जाऊन झोपली. आनंद झाला की तिचं असंच होतं.

आता मुलगी काय करते तेवढं तरी कळव.

तुझा,
श्याम

---

बोरिवली पश्चिम
२५ सप्टेंबर २०२५

श्याम्या, गाढवा,

तो स्थळाचा माणूस नव्हता.

नीट वाच आणि बसून वाच. अनयने जर्मनीच्या नागरिकत्वाचा अर्ज केला आहे. परीक्षा झाली, तेहतीसपैकी तेहतीस. कागद सगळे दिले. फक्त जन्मदाखला राहिला होता. इथला दाखला तिकडे नुसता धरत नाहीत, खरा की खोटा ते बघायला इथल्याच वकिलाला घरी पाठवतात. तो तुझा शौनक. अनयने मला जुलैतच सांगितलं होतं आणि शपथ घातली होती की बाबांना मीच डिसेंबरात समोर बसून सांगेन, तू बोलू नकोस. म्हणून मी अर्धं लिहिलं. उरलेलं अर्धं तू स्वतःच्या मनाने भरलंस. चूक माझीही आहे, ती मी अनयपाशी कबूल केली आहे.

आता झालंय ते ऐक. दाखल्यावर ठाणे आणि १९८८. जन्मदाता बाप सांगतो मुलुंड आणि १९९१. शेजारीण सांगते १९९१ आणि वर पेढा. सोबत एक चौकोनांचा कागद, त्यावरही १९९१, बापाने स्वहस्ते दिलेला. तिकडच्या कचेरीने अनयला कळवलंय की दाखला संशयास्पद आहे. तीस ऑक्टोबरपर्यंत खुलासा पोचला नाही तर अर्ज फेटाळणार आणि खोटा कागद दिल्याचा शेरा त्याच्या नावावर बसणार. नोकरीसुद्धा धोक्यात येईल म्हणतो. पत्रिका त्यांनी भाषांतराला पाठवली आहे. आपल्या अनयचा शनी कितव्या घरात आहे हे आता जर्मन सरकारला माहीत आहे. तेही चुकीचं.

हवं आहे ते एवढंच: नोटरीपुढे तुझं प्रतिज्ञापत्र की खरी तारीख कोणती आणि तू दुसरी का सांगितलीस. शिवाय ठाण्याच्या जन्म नोंदवहीचा उतारा. शौनक ते घेऊन जाईल, त्याला फोन कर.

पोरगा दोन रात्री झोपलेला नाही. तुला फोन करायची त्याची हिंमत होत नाहीये. सदतीस वर्षांचा घोडा बापाला घाबरतो, एवढे तुझे संस्कार नक्की आहेत.

ताई

---

मुलुंड पूर्व
३ ऑक्टोबर २०२५

सौ. सुनंदा करंदीकर यांस,

स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. मजकूर समजला.

मी प्रतिज्ञापत्र करणार नाही.

त्याने भारताचा पासपोर्ट परत द्यायचा, आणि तो त्याला देता यावा म्हणून मी, त्याच्या बापाने, स्टँप पेपरवर लिहून द्यायचं की मी खोटारडा आहे. हे मला जमणार नाही. नाक्यावर तीस वर्षांत एक पावती माझ्या हातून खोटी फाटली नाही. लोकांनी मिठाईचे पुडे ठेवले, मी पुड्यांवर जकात लावली. अशा माणसाच्या नावाने हा एकच खोटेपणा, तोही पोराचं लग्न व्हावं म्हणून केलेला, आणि तो नेमका परक्या सरकारच्या फाइलला लागतो. दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर मीही हसलो असतो.

आपण म्हणाल, नागरिकत्व सोडलेल्याला ओसीआय कार्ड मिळतं, आयुष्यभर येता-जाता येतं. मला माहीत आहे, माझ्या तक्त्यात आहे. मुलाने बापाच्या घरी यायला कार्ड दाखवायचं. आपण असंही म्हणाल की जर्मनी त्याला जुना पासपोर्ट ठेवू देते, आपलाच देश ठेवू देत नाही. तेही माहीत आहे. आपल्या त्या नियमाचा मला अभिमान होता. एका घरात राहायचं तर दुसरीकडे जेवणाचं ताट ठेवू नये, असं मी ग्रुपवर लिहिलं होतं. ते मी आपल्याविरुद्ध लिहिलं होतं. ते माझ्याच मुलाला लागू पडेल हे मला कुणी सांगितलं नाही. आपल्याला माहीत होतं. दोन महिने आपण देशप्रेमावर माझ्याशी वाद घालत होता, आणि आपल्याला माहीत होतं.

खोलीचा रंग पूर्ण झाला आहे. फिकट निळा. त्यानेच सांगितला होता. रंग सांगितला, ताई, आणि हे नाही सांगितलं.

कळावे.

श्यामसुंदर रेगे

---

बोरिवली पश्चिम
९ ऑक्टोबर २०२५

श्याम,

'सुनंदा करंदीकर यांस' लिहिलंस. लागलं. तुला लागावं असंच वाटत होतं, तर लागलं.

आता मी सांगते ते ऐक. मधे तक्ता काढू नकोस.

त्र्याहत्तर साली माझं लग्न झालं. पाचव्या दिवशी बाबांनी तुला रेशन ऑफिसात पाठवलं, आपल्या कार्डावरून माझं नाव कमी करून आणायला. तो कागद आल्याशिवाय करंदीकरांच्या कार्डावर माझं नाव चढत नव्हतं. दोन्हीकडे नाव ठेवायची सोय तेव्हा नव्हतीच. तू सतरा वर्षांचा. उन्हात तीन तास रांगेत उभा राहिलास आणि घरी येऊन जेवला नाहीस. आई मला म्हणाली, "साखरेचा एक वाटा कमी झाला म्हणून रुसलाय." आईने ते मला हसवायला सांगितलं होतं. मला हसू आलं नाही.

सासरी तांदळात माझं नवं नाव लिहिलं. आडनाव गेलं, कुलदैवत बदललं. कर्जतच्या पुढचं गाव मी कधी बघितलं नव्हतं, ते एका रात्रीत 'आमचं गाव' झालं. रेग्यांची पोरगी, मासे खाऊन वाढलेली, शुद्ध शाकाहारी घरात येऊन पडले. बांगडा सुटला. तेहतीस प्रश्न नव्हते रे, रोजचा एकेक होता. आमटीत गूळ किती, सोवळं म्हणजे काय, आणि सासूबाईंचा लाडका प्रश्न, "तुमच्याकडे हे असं चालायचं का?" किती वर्षांनी पास झाले ते मला आठवत नाही. निकाल कुणी सांगितलाच नाही. एक दिवस त्याच सासूबाई पाहुण्यांना म्हणाल्या, "आमची सुनंदा," तेव्हा मी समजून घेतलं.

आणि राखीपौर्णिमेला तुझ्याकडे येऊन दोन तुकड्या सुरमई खाते, ते गेली पन्नास वर्षं करंदीकरांत कुणाला माहीत नाही. ह्यांना माहीत आहे. ते बोलत नाहीत.

आता मला सांग, कुणी तेव्हा विचारलं का, की माणिक, तुझी माहेरावरची माया आता खरी की खोटी? नाव सोडलंस, कार्ड सोडलंस, म्हणजे तू रेग्यांना विसरलीस का? कुणी नाही. उलट बाबा मांडवात सगळ्यांना सांगत होते, "पोरगी चांगल्या घरी पडली." मग पोरगा चांगल्या देशात पडला असं म्हणायला तुझी जीभ का अडते? पोरीने गेलं की संसार आणि पोराने गेलं की देशद्रोह, हा हिशोब कुठल्या नाक्यावरचा?

पन्नास वर्षांत मला माणिक म्हणून हाक मारणारं माणूस एकेक करून गेलं. आता तू एकटा राहिलायस, आणि तूही ताई म्हणतोस.

तू खूश हो असं मी म्हणतच नाही. तुला दुःख झालंय, ते खरं आहे आणि व्हायलाच पाहिजे, एकुलता एक पोरगा आहे. आम्ही तुला फसवलं हेही खरं आहे. मी चुकले. समोर ये, दोन लाथा घाल. पण पोराची जन्मतारीख ही तुझी रागवायची जागा नाही. तो ज्या दिवशी जन्मला त्या दिवशी जन्मला. तेवढं सांग.

ताई

---

मुलुंड पूर्व
१७ ऑक्टोबर २०२५

वन्सं, नमस्कार.

हे पत्र मी त्यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र आल्यापासून ते घरात कुणाशी धड बोलत नाहीत. सोसायटीच्या मीटिंगलाही गेले नाहीत, त्यामुळे मीटिंग वीस मिनिटांत संपली.

तुमचं पत्र त्यांनी तीनदा वाचलं. मग कॉम्प्युटरवर बसले आणि ती जर्मनीची परीक्षा शोधून काढली, सरावासाठी इंग्रजीत असते म्हणे. चार दिवस तेच चाललंय. जेवताना मला विचारतात, "जर्मनीत किती राज्यं?" मी म्हटलं, मला भाजी वाढू द्या. परवा तेहतीसपैकी एकोणतीस आले. म्हणाले, "मला घेतील." मी म्हटलं, "तुम्ही चाललात का?" तर पेपर घडी करून ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

काल सकाळी विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?" मी सांगितलं, मार्चपासून. अनयने आधी मलाच सांगितलं होतं, वन्सं. तुम्हाला वाटलं असेल तुम्ही एकट्याच पोटात ठेवून आहात. मी त्यांना म्हटलं, तुम्ही ऐकून घेत नाही म्हणून घरातली माणसं तुम्हाला सांगत नाहीत, त्यात देशाचा काही संबंध नाही. ते उठले. मग आंघोळ करून बाहेर पडले. दुपारी तीनला आले, बुटांवर सगळी धूळ. कुठे गेला होता विचारलं, तर म्हणाले, "ठाण्याला." का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

रागावले असले तरी जेवतात नीट. काळजी करू नका.

तुमची,
कुंदा

---

मुलुंड पूर्व
२९ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताई,

भाऊबीजेला आलो नाही. तुझ्यासमोर पाटावर बसून हे सांगता आलं नसतं, म्हणून कुंदाबरोबर साडी पाठवली. रंग आवडला नसेल तर तिला सांग, दुकान तिला माहीत आहे.

ठाण्याला गेलो होतो. जन्म नोंदीच्या खिडकीवर एक धोंडिराम नावाचा क्लार्क होता. त्याने अठ्ठ्याऐंशीची वही काढून दिली, कडा वाळवीने खाल्लेल्या. ९ मार्च, मुलगा, वजन दोन किलो आठशे. शेवटच्या रकान्यात खबर देणाऱ्याची सही. ती माझी होती. ताई, ते मला पार विसरायला झालं होतं. नाक्यावरची ड्युटी संपवून गणवेशातच गेलो होतो मी, आणि सही इतकी मोठी केली होती की खालच्या माणसाच्या रकान्यात गेली होती. धोंडिराम म्हणाला, "साहेब, ही सही तुमचीच ना?" म्हटलं, "हो, तेव्हाची." उतारा दिला त्याने. मी बाहेर बाकावर बराच वेळ बसलो. वाईट वाटलं मला. पोरगा जन्मला तेव्हा मी नाक्याच्या पलीकडे धावत गेलो होतो, आणि गेल्या महिन्यात त्या वकिलाला सांगताना मला ठाण्याची लाज वाटली.

नंतर नोटरीकडे गेलो. त्याचा तयार मसुदा होता, 'अनवधानाने चुकीची माहिती दिली गेली'. म्हटलं, हे काढा. अनवधान वगैरे काही नव्हतं, शेजारणीला आठवडाभर आधी पढवलं होतं. मी सांगतो तसं टाइप करा. मग असं झालं: 'माझा मुलगा अनय याचा जन्म ठाणे येथे ९ मार्च १९८८ रोजी झाला. त्याचं लग्न जमावं व त्याने परत यावं म्हणून मी त्याचं वय तीन वर्षांनी कमी सांगितलं व खोटी पत्रिका दिली. यात त्याचा काही दोष नाही.' नोटरी म्हणाला, "काका, कारण लिहायची गरज नसते." म्हटलं, शपथेवर आहे ना, मग राहू दे. चंपाबेनलाही जबाब बदलायला लावला. ती म्हणाली, पेंडा मात्र खरंच खाल्ला होता, ते राहू द्या. राहू दिलं.

अनयला फोन केला. कुंदाने बंदी उठवली आहे, तिने प्रेशरचं मशीन बाजूला घेऊन बसायची अट घातली. दोघंही थोडा वेळ नुसते 'हॅलो हॅलो' करत होतो. मग त्याने विचारलं, "बाबा, रागावलात?" म्हटलं, "हो." "मग प्रतिज्ञापत्र का केलंत?" म्हटलं, "तारीख खरी आहे म्हणून." तो रडायला लागला. मी फोन कुंदाला दिला. प्रेशर एकशे साठ.

तुझ्या पत्राला उत्तर देत बसत नाही. तुझं सगळंच मला पटलेलं नाही. दारावर प्रश्न विचारले पाहिजेत, हे माझं मत कायम आहे. पण रेशन ऑफिसातलं खरं आहे. साखरेसाठी नव्हतं ते.

परवा शौनक कागद न्यायला आला, तीस तारखेच्या आत मेलने पोचवतो म्हणाला. या वेळी कुंदा घरी होती. त्याने सगळं पुन्हा विचारलं, नाव, तारीख, ठिकाण, शाळा. सगळं खरं सांगितलं, दहा मिनिटं लागली. खोटं सांगायला मागच्या वेळी पाऊण तास लागला होता. तारखेचं नि ठिकाणाचं त्याने दुरुस्त करून घेतलं. मग जुना कागद पुढे सरकवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'मुलगा डिसेंबरमध्ये कायमचा परत येणार आहे, असे वडील सांगतात.' ठळक अक्षरात होती, मीच सांगितलं होतं तशी. शौनक म्हणाला, "काका, हा आमचा प्रश्न नव्हता. दाखल्याशी याचा संबंध नाही. तुमचं विधान म्हणून राहिलं तरी चालेल, काही बिघडत नाही." चांगला मुलगा आहे. कुंदा आत चहा बघायला गेली, चहा तर समोरच होता.

मी त्याच्याकडे पेन मागितलं आणि ती ओळ खोडली. त्याने सांगितलं, खाडाखोड केली की शेजारी सही लागते. ती केली.

तुझा,
श्याम